तीनदा २७९

पेनसिल्व्हेनियात, पिट्सबर्ग शहराजवळ, ओकमाँट नावाचं एक जुनं गोल्फ मैदान आहे. यूएस ओपन ही अमेरिकेची राष्ट्रीय स्पर्धा तिथे आजवर दहा वेळा झाली. १९७३ साली ती जॉनी मिलरने जिंकली. चार दिवस, ७२ होल, एकूण फटके २७९. १९९४ साली एर्नी एल्स जिंकला. त्याला पुढे प्लेऑफ खेळावा लागला, पण ७२ होलचे फटके २७९. २०२५ साली जे. जे. स्पॉन जिंकला. फटके २७९.

मधली बावन्न वर्षं आठवून पाहा. मिलरच्या ड्रायव्हरचं, म्हणजे सर्वांत लांब फटका मारायच्या काठीचं, डोकं लाकडाचं होतं, स्पॉनचं पोकळ धातूचं आणि कितीतरी मोठं. अमेरिकेच्या व्यावसायिक दौऱ्यावर, म्हणजे पीजीए टूरवर, ड्रायव्हरच्या फटक्याची सरासरी लांबी १९८० साली सुमारे २५७ यार्ड होती. २०२४ मध्ये ती ३०० यार्डांवर गेली. चेंडू बदलला, व्यायाम बदलला, प्रत्येक फटक्याचा वेग, कोन आणि फिरकी मोजणारी रडार यंत्रं आली. आणि एवढं सगळं होऊन ओकमाँटवरचा आकडा फारसा हलला नाही.

त्याआधीच्या काळात मात्र तो धडाधड खाली येत होता. १९२७ साली तिथे ३०१ फटक्यांवर स्पर्धा जिंकली गेली, १९३५ साली २९९ वर, १९५३ आणि १९६२ साली २८३ वर. म्हणजे ३०१ पासून २७९ पर्यंत ४६ वर्षांत २२ फटके कमी, आणि पुढच्या ५२ वर्षांत शून्य.

आता शेजारी दुसरा आकडा ठेवू. स्पॉनच्या विजयाआधी वर्षभर, मे २०२४ मध्ये, केंटकी राज्यातल्या व्हॅलहॅला मैदानावर पीजीए चॅम्पियनशिप झाली. तीही चार मोठ्या स्पर्धांपैकी एक. झँडर शॉफली २६३ फटक्यांत जिंकला. पारपेक्षा, म्हणजे मैदानासाठी ठरलेल्या फटक्यांपेक्षा, २१ कमी, मेजर स्पर्धांच्या इतिहासातला नीचांक. दुसरा आलेला ब्रायसन डीशाम्बो २६४. मैदान होतं ७,६०९ यार्डांचं, म्हणजे ओकमाँटच्या ७,३७२ पेक्षा २३७ यार्ड लांब. लांब मैदानावर सोळा फटके कमी लागले, आणि खेळणारे बहुतेक तेच.

व्यावसायिकांसाठी मैदानं फार सोपी झाली आहेत का, हा वाद गोल्फमध्ये वर्षानुवर्षं चालतो. वाद घालणारे बहुतेक वेळा लांबीकडे बोट दाखवतात. माझं म्हणणं असं की उत्तर यार्डांत सापडत नाही. ते मिलिमीटरमध्ये आणि मातीतल्या ओलीत आहे. आपल्याला हे समजायला अवघड नाही, कारण पाटा खेळपट्टी म्हणजे काय हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही माहीत असतं. क्रिकेटमध्ये बावीस यार्डांची एक पट्टी सामना फिरवते. गोल्फमध्ये अशा अठरा पट्ट्या असतात.

वाटीएवढं भोक

गोल्फचं भोक १०८ मिलिमीटर रुंदीचं असतं. स्वयंपाकघरातली आमटीची वाटी घ्या, साधारण तेवढंच. हे माप १८९१ साली पक्कं झालं आणि तेव्हापासून बदललेलं नाही. चेंडू किमान ४२.६७ मिलिमीटरचा. म्हणजे भोकाच्या रुंदीत दोन चेंडू शेजारीशेजारी बसतात आणि वर दोनेक सेंटिमीटर जागा उरते.

दहा फुटांवरून ही वाटी केवढी दिसते? चेंडूचं केंद्र भोकाच्या काठाच्या आत राहायला हवं, तर मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना जेमतेम एक अंश सूट मिळते. घड्याळाचा मिनिटकाटा दहा सेकंदांत सरकतो तेवढा हा कोन. वीस फुटांवरून तो अर्धा होतो, पाच सेकंदांचा.

पीजीए टूरवरचा प्रत्येक फटका गेली वीसेक वर्षं मोजला जातो. त्यातून दिसतं की तीन फुटांवरून व्यावसायिक शंभरातले ९६ चेंडू आत घालतात. आठ फुटांवरून पन्नास. वीस फुटांवरून पंधरा. आठ फुटांवर जगातल्या सर्वोत्तम खेळाडूचं नशीबही नाणेफेकीसारखं असतं, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी आकडा दोनदा तपासला होता.

हे टक्के टिकतात ते गवत सपाट आणि सारखं असतं म्हणून. मोठ्या स्पर्धेत ग्रीनवरचं, म्हणजे भोकाभोवतीच्या पट्टीवरचं, गवत अडीच-तीन मिलिमीटरवर कापतात, म्हणजे तिळाच्या एका दाण्याच्या लांबीइतकं किंवा थोडं कमीच. चेंडू एवढ्या आखूड गवतावरून जातो तेव्हा पात्यांमध्ये रुतत नाही, उडत नाही, मार्ग सोडत नाही. एक अंशाच्या सुटीत खेळणाऱ्याला याहून मोठी मदत नसते. म्हणून तक्रार करणारे म्हणतात, ग्रीन गालिच्यासारखी झाली आणि पुटिंग सोपं झालं. ते अर्धं खरं आहे.

तीन फुटांची पट्टी

उरलेलं अर्धं समजायला पुन्हा ओकमाँटला जावं लागतं. १९३५ च्या यूएस ओपनमध्ये तिथे एडवर्ड स्टिम्पसन नावाचा एक हौशी गोल्फपटू प्रेक्षक म्हणून आला होता. जीन सॅराझेनसारख्या मातब्बर खेळाडूचा पट, म्हणजे भोकाकडे हलकेच ढकललेला चेंडू, ग्रीनवरून घरंगळत बाहेर गेलेला त्याने पाहिला. ग्रीन खरोखरच अवाजवी वेगवान आहे की आपल्याला तसं वाटतं, हे मोजायचं कसं, हा प्रश्न घेऊन तो घरी गेला आणि त्याने एक साधं लाकडी साधन बनवलं. फ्रँक थॉमस यांनी १९७६ साली अमेरिकेच्या गोल्फ संघटनेसाठी ते ॲल्युमिनियममध्ये आणलं. आज जगभर त्याला स्टिम्पमीटर म्हणतात.

साधन म्हणजे खोबण असलेली ३६ इंचांची पट्टी. खालच्या टोकापासून ३० इंचांवर एक खाच. खाचेत चेंडू ठेवायचा, खालचं टोक ग्रीनच्या सपाट भागावर टेकवायचं आणि वरचं टोक हळूहळू उचलायचं. पट्टी साधारण वीस अंशांवर आली की चेंडू आपोआप सुटतो, दरवेळी त्याच वेगाने, सेकंदाला सुमारे १.८ मीटर. मग तो किती फूट गेला ते मोजायचं. एका दिशेने तीन चेंडू, उलट दिशेने तीन चेंडू, आणि सरासरी. भल्या पहाटे ग्रीनवर गुडघे टेकून बसलेला माळी, समोर तीन पांढरे चेंडू आणि हातात टेप, हे दृश्य प्रत्येक मोठ्या स्पर्धेच्या आधी घडतं.

सत्तरच्या दशकात अमेरिकेतल्या ग्रीन या पट्टीने मोजल्या तेव्हा सरासरी साडेसहा फूट भरली. ओकमाँट सगळ्यांत वेगवान गणलं जायचं, तेही दहाच्या खालीच होतं. आज मोठ्या स्पर्धांमध्ये बारा ते चौदा फूट नेहमीचं झालं आहे आणि २०२५ मध्ये ओकमाँट चौदाच्याही वर होतं.

साडेसहावरून चौदा, म्हणजे चेंडू दुपटीहून थोडा जास्त लांब जातो, एवढंच वाटतं. पण ग्रीन सपाट नसते. उतार आला की हा हिशेब कसा बिघडतो ते शाळेच्या भौतिकशास्त्राने काढता येतं. मी कागदावर मांडलं ते असं.

तीन टक्के उतार घ्या, मीटरमागे तीन सेंटिमीटर. डोळ्याला जवळपास सपाटच. स्टिम्पमीटरवरून सुटलेला चेंडू साडेसहा फुटांच्या जुन्या ग्रीनवर या उताराने खाली २.६ मीटर जातो आणि चढावर १.६ मीटर. फरक पावणेदोन पटींच्या आतला. चौदा फुटांच्या ग्रीनवर तोच चेंडू चढावर २.८ मीटर जातो आणि उतारावर ९.२ मीटर. तिपटीहून जास्त. उतार चार टक्के केला तर खाली १५ मीटर. पाच टक्के केला तर जवळपास ४० मीटर, आणि एवढी लांब ग्रीन क्वचितच कुठे सापडते. ५.६ टक्क्यांवर चेंडू थांबतच नाही. जुन्या, संथ ग्रीनवर ही न थांबण्याची हद्द बारा टक्के होती.

गवत आखूड केलं की दोन गोष्टी एकदमच घडतात. सपाट भागावर, भोकाजवळ, चेंडू आज्ञाधारक होतो आणि व्यावसायिकाचं काम सोपं होतं. पण भोकाच्या वरच्या अंगाला पडलेला चेंडू खेळाडूच्या उरावर बसतो, कारण हात जरा जड पडला की तो समोरच्या काठापर्यंत जाणार. तोच वेग एकीकडे मदत आणि दुसरीकडे शिक्षा. मग प्रश्न एवढाच उरतो की खेळाडू आपला चेंडू भोकाच्या योग्य बाजूला थांबवू शकतो का. हे ठरवतं पाणी.

एक मैदान, पाच महिने

जॉर्जिया राज्यातल्या ऑगस्टा नॅशनलवर मास्टर्स स्पर्धा दर एप्रिलमध्ये होते. २०२० साली साथीमुळे ती नोव्हेंबरमध्ये घ्यावी लागली. पहिल्याच सकाळी वादळी पाऊस झाला आणि मैदान आठवडाभर मऊ राहिलं. डस्टिन जॉन्सन २६८ फटक्यांत जिंकला, मास्टर्सच्या इतिहासातला नीचांक. कॅमरन स्मिथने चारही दिवस सत्तरच्या आत फटके मारले. असं तिथे पूर्वी कुणालाही जमलं नव्हतं, आणि तरी तो पाच फटक्यांनी मागे राहिला.

पाच महिन्यांनी, एप्रिल २०२१ मध्ये, स्पर्धा पुन्हा त्याच मैदानावर झाली. लांबी तीच, ७,४७५ यार्ड. या वेळी ग्रीन सुरुवातीपासून कोरड्या आणि कडक. हिदेकी मात्सुयामा जिंकला तो २७८ फटक्यांवर, दहा फटके जास्त लागून. आणि डस्टिन जॉन्सन, पाच महिन्यांपूर्वीचा विक्रमवीर, पहिल्या दोन दिवसांतच बाद झाला.

मैदान एक, लांबी एक, खेळणारे बहुतेक तेच, आणि दहा फटक्यांचा फरक. तो आला कुठून?

टूरवरच्या सरासरी खेळाडूचा सात नंबरच्या आयर्नचा फटका बघू. चेंडू सुमारे १७२ यार्ड हवेतून जातो, मिनिटाला सात हजारांवर गिरक्या घेत, म्हणजे सेकंदाला जवळपास ११८. खाली येताना तो सुमारे ५० अंशांच्या कोनात येतो. मऊ ग्रीनवर असा चेंडू पडला की वाटीएवढी खळी पडते, माती त्याचा वेग गिळते, उलटी फिरकी गवताला पकडते आणि चेंडू हातभर अंतरात थांबतो. कडक ग्रीनवर टणकन आवाज येतो. पहिला टप्पा उंच उडतो, फिरकीला पकडायला काही सापडत नाही, आणि चेंडू पाच-सात मीटर पुढे जाऊन उताराच्या स्वाधीन होतो.

आता जरा गणित करू. आठ फुटांवरून व्यावसायिकाला सरासरी दीड फटके लागतात, तीस फुटांवरून जवळपास दोन. फरक अर्ध्या फटक्याचा. समजा, ग्रीन कडक झाल्यामुळे अठरापैकी फक्त पाच होलवर चेंडू आठ फुटांऐवजी तीस फुटांवर जाऊन थांबला. दिवसाला अडीच फटके. चार दिवसांत दहा. बरोबर तेवढेच, जेवढे ऑगस्टावर नोव्हेंबर आणि एप्रिलमध्ये वेगळे पडले. हे माझं ढोबळ उदाहरण आहे, ऑगस्टाचं शवविच्छेदन नव्हे, पण परिणाम केवढा असतो ते यातून कळतं. अठरातल्या पाच ग्रीनवर बावीस फूट, आणि विक्रमवीराच्या जागी बाद झालेला खेळाडू उभा राहतो.

ऑगस्टावाल्यांना हे पक्कं ठाऊक आहे. म्हणूनच तिथे ग्रीनच्या पोटात नळ्यांचं जाळं आहे आणि पंपाने मातीतलं पाणी खाली ओढून घेता येतं. टीव्हीवर पाऊस थांबल्यावर शांततेत एक घरघर ऐकू येते, ती याच यंत्रणेची. व्हॅलहॅलावर शॉफली जिंकला त्या आठवड्यातही पाऊस झाला होता. ग्रीन चेंडू झेलत होत्या. त्या एकाच स्पर्धेत दोघांनी एका फेरीत ६२ फटके मारले, पहिल्या दिवशी शॉफलीने आणि तिसऱ्या दिवशी शेन लाउरीने.

लांबीने काय साधलं

तरी मैदानवाले लांबी वाढवतच राहिले. का, ते सरळ आहे. फटका १९८० पासून ४३ यार्डांनी वाढला आणि फेरीत चौदाच्या आसपास होलवर ड्रायव्हर निघतो. ४३ गुणिले १४ म्हणजे ६०२ यार्ड. ऑगस्टा २००१ साली ६,९८५ यार्डांचं होतं, २०२४ साली ७,५५५ यार्डांचं. वाढ ५७० यार्ड, अर्ध्या किलोमीटरहून जास्त. वाढलेल्या लांबीचा जवळजवळ पैन्‌पै हिशेब मैदानाने जमिनीत भरला. जमीन घ्या, झाडं हलवा, गवत लावा, पाणी द्या, आणि एवढं करून मिळतं काय, तर जुनी बरोबरी.

विस्कॉन्सिन राज्यातल्या एरिन हिल्सवर २०१७ साली यूएस ओपन झाली तेव्हा मैदान ७,७४१ यार्डांचं मांडलं होतं. यूएस ओपनसाठी एवढी लांबी आधी कधी नव्हती. निकाल काय, तर ३१ खेळाडू पारच्या खाली राहिले, तोही त्या स्पर्धेचा विक्रम. ब्रूक्स केप्का पारपेक्षा १६ कमी मारून जिंकला. रुंद फेअरवे, पावसाने मऊ झालेल्या ग्रीन आणि बराच वेळ पडलेला वारा, यांच्यापुढे यार्ड कामाला आले नाहीत.

त्याच्या दोन वर्षं आधीचा, २०१५ च्या पीजीए चॅम्पियनशिपचा, आकडा आपल्याला जवळचा आहे. पुण्यात जन्मलेल्या अनिर्बन लाहिरीने विस्कॉन्सिनमधल्याच व्हिसलिंग स्ट्रेट्सवर २७५ फटके मारले, पारपेक्षा १३ कमी. ओकमाँटच्या दहा यूएस ओपनमध्ये एकाही विजेत्याला एवढ्या कमी फटक्यांत यायला जमलेलं नाही, तिथला नीचांक २७६ आहे. त्या आठवड्यात मात्र २७५ वर लाहिरी संयुक्त पाचवा आला. मेजर स्पर्धेतली भारतीयाची सर्वोत्तम कामगिरी, आणि तरी विजेत्या जेसन डेपासून सात फटके दूर. डे २६८ वर होता. हे दोन आकडे एका वाक्यात ठेवले की कळतं, फटक्यांची संख्या खेळाडूबद्दल जेवढं सांगते तेवढंच त्या आठवड्यातल्या जमिनीबद्दल सांगते.

निगा, की नशिबाला रजा?

पाण्याच्या जोडीला दुसरी एक गोष्ट आली आहे, सारखेपणा. बंकर मुळात शिक्षा म्हणून खणलेला खड्डा. पण आजची वाळू मापाची, रोज दाताळ्याने सारखी केलेली असते, आणि टूरवरचे खेळाडू ग्रीनजवळच्या बंकरमधून निम्म्या वेळा दोन फटक्यांत सुटतात. लांब गवतात पडण्यापेक्षा बंकर बरा, असं ते उघड म्हणतात. जॅक निकलॉस यांना हे इतकं खटकलं की २००६ साली ओहायोतल्या आपल्या मेमोरियल स्पर्धेत त्यांनी दूरदूर दात असलेली दाताळी आणवली. वाळूत सऱ्या पडल्या, चेंडू सरीत बसू लागला, आणि खेळाडू कुरकुरले. ओकमाँटवर तर जुन्या काळी बंकरमध्ये नांगरल्यासारख्या सऱ्या पाडायचीच पद्धत होती.

नियमही त्याच दिशेने सरकले. २०१८ पर्यंत पटच्या रेषेवर कुणाच्या बुटाच्या खिळ्याची खूण असली तरी ती जशीच्या तशी ठेवून खेळावं लागे. जानेवारी २०१९ पासून ग्रीनवरची जवळपास कुठलीही इजा दुरुस्त करायला मुभा आहे. ओल्या हवेत टूर स्पर्धांमध्ये फेअरवेवरचा चेंडू उचलून, पुसून, पुन्हा ठेवू देतात, म्हणजे चिखलही खेळातून वजा.

मला निगेबद्दल तक्रार नाही. चांगला फटका खिळ्याच्या खुणेवरून वळावा असं कुणाला वाटेल? पण एकेक अडथळा काढताना एक गोष्ट हातून निसटते. व्यावसायिकाचं सगळं बळ पुनरावृत्तीत असतं. तोच फटका हजार वेळा, तसाच. जमीनही दर वेळी तशीच वागू लागली, तर त्याला विचार करायला भाग पाडणारं काय राहतं?

कड्याची धार

म्हणून ग्रीन सुकवा आणि कडक करा, एवढं सोपं उत्तर असतं तर वाद केव्हाच मिटला असता. न्यूयॉर्क राज्यातल्या शिनेकॉक हिल्सवर २००४ च्या यूएस ओपनच्या शेवटच्या दिवशी ऊन आणि वाऱ्याने ग्रीन इतक्या वाळल्या की सातव्या होलवर चेंडू थांबेना. खेळ चालू असताना, दोन गटांच्या मध्ये, पाणी मारावं लागलं. ७० पारच्या मैदानावर त्या दिवशीची सरासरी ७८.७ आली आणि एकही खेळाडू पारच्या खाली गेला नाही. २०१८ साली त्याच मैदानावर शनिवारी दुपारी पुन्हा तेच घडलं.

का घडतं, ते मघाच्या हिशेबातून दिसतं. तेरा फुटांच्या ग्रीनवर चेंडू सहा टक्के उतारापर्यंत थांबतो. पंधरा फुटांवर ती हद्द ५.२ टक्क्यांवर येते. साडेपाच टक्के उताराची जागा सकाळी खेळण्याजोगी असते आणि दुपारी राहत नाही. मधे फक्त काही तासांचा वारा गेलेला असतो. जे मैदान खेळाडूची खरी परीक्षा घेतं ते कड्याच्या अगदी धारेवर उभं असतं, आणि तिथून कोसळायला एक दुपार पुरते.

स्कॉटलंडमधल्या कार्नुस्टीवर १९९९ साली दुसरा रस्ता धरला गेला, अरुंद फेअरवे आणि दाट उंच रफ. पॉल लॉरी २९० फटक्यांवर प्लेऑफमध्ये जिंकला, पारपेक्षा सहा जास्त. तिथे चेंडू सापडला तरी बाहेर काढण्यापलीकडे काही करता येत नव्हतं. अवघड होतं, पण कौशल्याला वाव कमी होता. आणि कडक जमीन एकटी पुरत नाही हे सेंट अँड्र्यूजने २०२२ साली दाखवलं. उन्हाळ्यात भाजलेल्या फेअरवेवर चेंडू लांबच लांब घरंगळला, जुनं मैदान आखूड झालं, समुद्रावरचा वारा हवा तेवढा आला नाही, आणि कॅमरन स्मिथ पारपेक्षा वीस कमी मारून जिंकला.

१९७३ च्या शेवटच्या दिवशी मिलरने ओकमाँटवर ६३ फटके मारले होते. नऊ बर्डी (पारपेक्षा एक फटका कमी), एक बोगी (एक जास्त), अठराही ग्रीन ठरल्या फटक्यांत. त्याआधी पाऊस पडून ग्रीन मऊ झाल्या होत्या. पुढच्या वर्षी विंग्ड फूटवर हेल अर्विन २८७ वर जिंकला, पारपेक्षा सात जास्त, आणि ६३ चा सूड उगवला असं लोक म्हणाले. त्या स्पर्धेची जबाबदारी असलेले सँडी टेटम यांनी दिलेल्या उत्तराचा आशय असा होता की, आम्हाला सर्वोत्तम खेळाडूंची फजिती करायची नाही, ते कोण आहेत हे ओळखायचं आहे. मला यापेक्षा नेमकी कसोटी माहीत नाही. फटके किती लागले याला महत्त्व नाही. चांगला आणि त्याहून चांगला यांच्यात मैदान फरक करू शकलं का, हे महत्त्वाचं.

पाण्याचं माप

कोरड्या मैदानाची बाजू मी आणखी एका कारणासाठी घेतो. अमेरिकेतली सगळी गोल्फ मैदानं मिळून २००५ साली सुमारे २३.८ लाख एकर-फूट पाणी वापरत होती. आपल्या मापात ते सुमारे १०४ टीएमसी होतं. काठोकाठ भरलेलं कोयना धरण १०५ टीएमसीचं. २०२० पर्यंत हा वापर सुमारे ७३ टीएमसीवर आला, म्हणजे २९ टक्के घट. ज्याने कोयनेचे आकडे वर्तमानपत्रात दर पावसाळ्यात वाचले आहेत त्याला ३१ टीएमसी म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. हिरवंगार आणि मऊ म्हणजे चांगलं, ही समजूत सोडली तर खेळही कसदार होतो आणि पाणीही वाचतं. दोन्ही गोष्टी एकाच नळाच्या तोटीला बांधलेल्या आहेत.

दीड सेकंद

शेवटी पुन्हा ओकमाँट, १५ जून २०२५. रफ पाच इंचांचा. आठवा होल पार तीनचा आणि अंतर ३०१ यार्ड. स्पॉनने पहिल्या सहा होलमध्ये पाच बोगी केल्या. मग पाऊस आला, दीड तासाहून जास्त खेळ थांबला, मैदान ओलं झालं. परतल्यावर त्याने सूर पकडला. सतराव्या होलवर त्याने एका फटक्यात ग्रीन गाठली आणि बर्डी केली.

अठराव्या ग्रीनवर त्याचा चेंडू भोकापासून ६४ फूट ५ इंच दूर होता. व्हिक्टर हॉव्हलँडचा पट जवळपास त्याच रेषेवर आधी झाला. स्पॉनने तो चेंडू कुठे वळतो, कुठे मंदावतो ते नीट पाहिलं. इतक्या लांबून सूट किती? मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना ०.१६ अंश. मिनिटकाटा दीड सेकंदात सरकतो तेवढी. पट आत गेला. तो एकटाच पारच्या खाली राहिला, फक्त एका फटक्याने.

त्या ग्रीनने हॉव्हलँडच्या चेंडूला जे केलं तेच स्पॉनच्या चेंडूला केलं. निगेची सगळी मेहनत असते ती यासाठी. आणि त्याच मैदानाने चार दिवसांत १५६ खेळाडूंतून एकालाच पारच्या खाली राहू दिलं. गवत सच्चं असणं आणि मैदान सोपं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे याहून स्पष्ट कुठे दिसलं असेल असं मला वाटत नाही.

पुढच्या वेळी मोठी स्पर्धा लावाल तेव्हा पडद्यावरच्या यार्डांकडे लक्ष देऊ नका. लांबून मारलेला चेंडू ग्रीनवर उतरतो तेव्हाचा पहिला टप्पा पाहा. खळी पडली आणि चेंडू जागीच बसला, तर त्या आठवड्यात विक्रम मोडतील. तो टणकन उडाला आणि खेळाडू श्वास रोखून त्याच्याकडे पाहत राहिला, तर समजा, जमीन अजून खेळते आहे.